उड्डाणात केबिन क्रूचे काम : मुंबई–दिल्ली फेरीच्या क्रमाने सविस्तर मार्गदर्शन

प्रवासी विमानात केबिन क्रू किती असावेत, हे विमान कंपनीच्या आदरातिथ्याच्या कल्पनेवर ठरत नाही. साधारणपणे दर ५० आसनांमागे एक असा नियमाचा हिशेब आहे आणि तो चहा-नाश्ता वाटायला किती हात लागतील हे पाहून केलेला नाही. ४४ पेक्षा अधिक आसनांच्या विमानाला मान्यता मिळण्यासाठी भरलेले विमान, अंधारात आणि फक्त निम्मी दारे वापरून, ९० सेकंदांत रिकामे होऊ शकते हे दाखवून द्यावे लागते. दार उघडणारे, दाराशी उभे राहून ओरडून लोकांना बाहेर काढणारे प्रशिक्षित माणूस नसेल तर हे ९० सेकंद केवळ कागदावर राहतात. म्हणूनच १८० आसनांच्या एअरबस ए३२० विमानात निदान चार केबिन क्रू असतात.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या मुलामुलींसाठी, त्यांच्या पालकांसाठी आणि विमानात नेमके काय चालते हे समजून घेऊ इच्छिणाऱ्या प्रवाशांसाठी हा लेख आहे. समजण्यास सोपे जावे म्हणून ए३२० विमानाची मुंबई–दिल्ली ही संध्याकाळची फेरी डोळ्यांसमोर ठेवली आहे आणि कामे ज्या क्रमाने होतात त्याच क्रमाने मांडली आहेत. प्रत्येक कंपनीची स्वतःची नियमपुस्तिका असते आणि तिच्यात बारीकसारीक फरक आढळतील. प्रत्यक्ष कामावर असताना तीच अंतिम मानावी.

ड्युटीवर येण्याआधी

भारतात या कामासाठी किमान १८ वर्षे वय आणि बारावी उत्तीर्ण ही सर्वसाधारण अट असते. निवड झाल्यावर जे प्रशिक्षण मिळते, त्याचा मोठा भाग नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीसीएच्या, नियमांनुसार सुरक्षा आणि आपत्कालीन कार्यपद्धतींचा असतो. धुराने भरलेल्या खोलीत आग विझवणे, स्लाइडवरून, म्हणजे दारातून खाली उतरण्यासाठी फुगणाऱ्या घसरगुंडीवरून, उडी मारणे, जलतरण तलावात लाइफ जॅकेट घालून लाइफ राफ्टवर चढणे, प्रथमोपचार, धोकादायक वस्तूंची ओळख, हवाई सुरक्षा आणि वैमानिकांशी समन्वय हे सारे विषय त्यात येतात. ही पात्रता एकदा मिळाली की आयुष्यभर पुरत नाही. दरवर्षी उजळणी करून परीक्षा द्यावी लागते. केशरचना, मेकअप आणि इंग्रजी संभाषण यांवरच भर देणाऱ्या खासगी वर्गांना हजारो रुपये मोजण्यापूर्वी पालकांनी ही यादी एकदा नीट वाचावी, असे मला कळकळीने वाटते. जी पात्रता खरोखर लागते ती निवडीनंतर विमान कंपनीच्या मान्यताप्राप्त प्रशिक्षणातूनच मिळते.

फेरीच्या दिवशीची पहिली पायरी श्वासचाचणीची असते. ड्युटीच्या आधीचे १२ तास मद्य वर्ज्य आहे आणि चाचणीत अल्कोहोलचे प्रमाण शून्यच यावे लागते. काही खोकल्याची औषधे, माउथवॉश आणि टॉनिके यांतही अल्कोहोल असते, त्यामुळे घरातील औषधाच्या बाटलीवरचा मजकूर वाचण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. अपुरी झोप आणि सर्दी यांकडेही दुर्लक्ष करू नये. कान-नाक चोंदलेले असताना उड्डाण केल्यास कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, आणि अशा वेळी रजा मागणे हा कामाचाच भाग आहे.

ब्रीफिंग

उड्डाणापूर्वी लीड केबिन क्रू आपल्या सहकाऱ्यांना एकत्र बसवून ब्रीफिंग घेते. कोण कोणत्या दाराशी बसणार, विमान कोणत्या प्रकारचे आहे, उड्डाणाला किती वेळ लागेल, वाटेत हवामान कसे आहे, चाकाच्या खुर्चीवरचे किंवा एकट्याने प्रवास करणारे बालप्रवासी आहेत का, हे येथे ठरते. मग लीड एकेकाला प्रश्न विचारते : तुझ्या दाराजवळचे अग्निशामक नळकांडे कुठे आहे, पाण्यावर विमान उतरवावे लागले तर तुझे दार वापरता येईल का, प्राणवायूचे मुखवटे खाली पडले तर तू सर्वांत आधी काय करशील. उत्तर अडखळले तर त्या व्यक्तीला त्या फेरीवरून उतरवले जाऊ शकते.

यानंतर कॅप्टनचे ब्रीफिंग होते. ते बहुतेकदा दोन-चार मिनिटांतच आटोपते, पण या दोन-चार मिनिटांत केबिन आणि कॉकपिट यांच्यात मोकळेपणा तयार झाला तर पुढचे सगळे काम सोपे होते. याचे महत्त्व १९८९ सालच्या दोन अपघातांनी फार मोठी किंमत घेऊन शिकवले. ८ जानेवारीला इंग्लंडमधील केगवर्थजवळ बोइंग ७३७ कोसळले आणि ४७ जण मृत्युमुखी पडले. बिघाड डाव्या इंजिनात होता, पण वैमानिकांनी उजवे इंजिन बंद केले. डाव्या बाजूच्या ज्वाळा मागच्या भागातील कर्मचाऱ्यांना आणि प्रवाशांना दिसल्या होत्या. कॅप्टनने घोषणेत उजव्या इंजिनाचा उल्लेख केला, तरी ही विसंगती कोणीही कॉकपिटपर्यंत पोहोचवली नाही. दोनच महिन्यांनी, १० मार्चला, कॅनडातील ड्रायडन येथे फोकर एफ२८ विमान पंखांवर बर्फ साचलेल्या अवस्थेत उडाले आणि लगेच कोसळले. ६९ पैकी २४ जण दगावले. पंखावरचा बर्फ केबिनमधून दिसत होता. वैमानिकांना हे ठाऊक असणारच, आणि आपण सांगितलेले त्यांना रुचणार नाही, या समजुतीने ती गोष्ट केबिनमध्येच राहिली.

या दोन घटना मी प्रत्येक नव्या प्रशिक्षणार्थीला सांगते, कारण केबिन क्रूच्या कामाचे सार त्यांत आहे. वैमानिकांना पंख, इंजिने आणि मागचा १८० माणसांचा कक्ष जवळजवळ दिसतच नाही. तेथे त्यांचे डोळे, कान आणि नाक म्हणजे केबिन क्रू. इंजिनाकडून आलेला वेगळा आवाज, पंखावर सांडणारे काही, जळकट वास, असे काही जाणवले तर ‘त्यांना माहीत असेल’ असे गृहीत न धरता इंटरफोन उचलावा आणि दिसले तेवढेच नेमके सांगावे : ‘मागच्या डाव्या बाजूने, पंखाच्या मागच्या कडेजवळ, पांढरा धूर दिसतो आहे.’ कारण काय असेल याचा अंदाज सांगण्याच्या भरीस पडू नये. तो वैमानिकांनी बांधायचा असतो.

रिकाम्या विमानातली तपासणी

प्रवासी येण्यापूर्वी प्रत्येकाने आपापल्या भागातील आपत्कालीन साहित्य प्रत्यक्ष हात लावून तपासायचे असते. हॅलॉन या आग विझवणाऱ्या वायूच्या अग्निशामकाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, त्याची पिन आणि सील शाबूत आहे का. प्राणवायूच्या नळकांड्यात पुरेसा दाब आहे का आणि त्याला मुखवटा जोडलेला आहे का. धुरात श्वास घेण्यासाठीचा हूड आपल्या बंद पिशवीत आहे का. विजेरीचा बारीक लाल दिवा ठरावीक वेळाने लुकलुकतो का. प्रथमोपचार पेटी आणि डॉक्टरांसाठीची वैद्यकीय पेटी सीलबंद आहे का. मेगाफोन तर तोंडाशी धरून तपासावा. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचे एअरबस ए३५० तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटले, तेव्हा त्याची घोषणायंत्रणा बंद पडली होती. क्रूने मेगाफोनवरून आणि स्वतःच्या आवाजात सूचना दिल्या, आठपैकी तीनच दारे वापरली आणि ३७९ जणांना जिवंत बाहेर काढले. मेगाफोनची तपासणी उरकून टाकण्याचा मोह होईल त्या दिवशी हानेदा आठवावे.

याच वेळी सुरक्षा तपासणीही होते. आसनांखाली, जॅकेटच्या कप्प्यांत, शौचालयांत आणि गॅलीच्या, म्हणजे विमानातील छोट्या स्वयंपाकघराच्या, कपाटांत कोणतीही अनोळखी वस्तू नाही, खाद्यपदार्थांच्या कार्टांची सीले फोडलेली नाहीत, हे पाहिले जाते. स्वतःच्या जंपसीटची, म्हणजे दाराजवळच्या घडीच्या आसनाची, पाठ आणि बैठक आपोआप मिटते का, खांद्याचे पट्टे अडकत नाहीत ना, हेही तपासावे. क्रूला स्वतःला इजा झाली तर त्या दाराजवळच्या प्रवाशांना वाली उरत नाही.

प्रवासी चढताना

दारात हात जोडून स्वागत करणारी व्यक्ती त्या काही सेकंदांत बरेच काही टिपत असते. कोण आजारी दिसतो, कोणाच्या तोंडाला मद्याचा वास येतो, कोण फार अस्वस्थ आहे, कोणाच्या हाताला प्लास्टर आहे. आणि कोण धडधाकट व शांत आहे, म्हणजे वेळप्रसंगी मदतीला घेता येईल. कोणी उड्डाणाच्या अवस्थेत नाही असे वाटले तर ते दार बंद होण्यापूर्वीच लीडला आणि लीडने कॅप्टनला सांगायचे असते. जमिनीवर जो प्रश्न दहा मिनिटांत सुटतो, तोच हवेत दोन तास पुरतो.

ए३२० मध्ये पुढे दोन आणि मागे दोन दारे असतात, तर पंखांवर चार खिडकीवजा आपत्कालीन निर्गम असतात. या पंखांवरच्या निर्गमांशी क्रूची जंपसीट नसते, त्यामुळे तेथे बसलेला प्रवासीच ते उघडणार असतो. म्हणून त्या रांगेतील प्रत्येकाशी क्रू समोरासमोर बोलते : निर्गम कसा उघडायचा, उघडण्यापूर्वी बाहेर आग नाही ना हे कसे पाहायचे, आणि ही जबाबदारी घ्यायची तयारी आहे का. मोबाइलमधून डोके वर न काढता मान हलवणाऱ्याला पुन्हा विचारावे, आणि तरीही लक्ष नसेल किंवा भाषा समजत नसेल तर त्याची जागा बदलावी. लहान मुले, गर्भवती, पट्ट्याला जोडपट्टी लागणारे किंवा हालचाल करण्यास अडचण असलेले प्रवासी तेथे बसवत नाहीत. पाय पसरायला जागा मिळते म्हणून लोक हीच आसने हौसेने घेतात, आणि त्या बदल्यात कोणते काम अंगावर घेतले आहे हे त्यांना समजावणे क्रूकडेच असते.

पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या वृद्धांकडे थोडे अधिक लक्ष द्यावे लागते. लातूरहून मुलाकडे दिल्लीला निघालेल्या आजींना इंग्रजी घोषणेतले काही कळत नाही. मराठी बोलणाऱ्या क्रूने त्यांच्याजवळ वाकून ‘आजी, हा पट्टा असा ओढून घट्ट करायचा, आणि सोडताना हे झाकण वर उचलायचं,’ असे सांगितले आणि एकदा त्यांच्याच हातून करून घेतले, तर त्यांची भीती जाते आणि सुरक्षेचे कामही होते. मोटारीच्या पट्ट्याचे बटण दाबण्याची सवय असलेला माणूस घाबरलेल्या अवस्थेत विमानाच्या पट्ट्यावरही बटण शोधत बसतो, हे अपघातांच्या तपासातून पुन्हा पुन्हा दिसले आहे. दृष्टिहीन प्रवाशाला सुरक्षेची माहिती स्वतंत्रपणे द्यायची असते. त्याच्या आसनापासून पुढच्या आणि मागच्या दारापर्यंत किती रांगा आहेत हे सांगावे आणि जॅकेट, मुखवटा यांच्या जागा हाताने दाखवाव्यात.

प्रवासी आत असताना इंधन भरणे चालू असेल, तर पट्टे सोडलेले आणि दारांकडे जाणारी वाट मोकळी राहील, याची खात्री क्रूने करायची असते. सामानाच्या कप्प्यांबद्दल लांबण लावण्याची गरज नाही : जड बॅग खाली, कप्प्याची झाकणे बंद, आणि आपत्कालीन रांगेत पायाशी काहीही नको.

दारे आर्म करणे

प्रवाशांची मोजणी कागदपत्रांशी जुळली की दारे बंद होतात आणि घोषणा होते : ‘केबिन क्रू, आर्म डोअर्स अँड क्रॉस-चेक.’ संपूर्ण उड्डाणातील सर्वांत छोटी आणि सर्वांत जोखमीची कृती हीच. दार आर्म केले की स्लाइडचा दांडा जमिनीवरच्या खोबणीत अडकतो. त्यानंतर कोणी आतून हँडल वर उचलले तर दार यांत्रिक जोराने उघडते आणि स्लाइड काही सेकंदांत फुगते. दार आर्म नसेल तर आपत्तीत ते उघडेल, पण खाली उतरायला काही नसेल. आणि विमानतळावर पोहोचल्यावर दार आर्मच राहिले तर जिन्यावर उभ्या असलेल्या माणसावर ती स्लाइड आदळू शकते. म्हणून ही कृती कधीही बोलता बोलता करू नये. लीव्हर फिरवायचा, सुरक्षा पिन ठरलेल्या जागी ठेवायची, दर्शकात योग्य खूण दिसते का हे पाहायचे, मग समोरच्या दाराशी जाऊन सहकाऱ्याचे दार आपण तपासायचे आणि आपले त्याने. ए३२० च्या दारावर एक पांढरा आणि एक लाल दिवा असतो. हँडल हलवायला सुरुवात होताच पांढरा लागला तर स्लाइड आर्म आहे; लाल लुकलुकला तर आत अजून हवेचा दाब शिल्लक आहे. दोन्हींपैकी काहीही दिसले तर नेहमीच्या वेळी हात जागच्या जागी थांबलाच पाहिजे.

प्रात्यक्षिक आणि उड्डाण

विमान धावपट्टीकडे निघते तेव्हा पट्टा, मुखवटा, लाइफ जॅकेट आणि दारे यांचे प्रात्यक्षिक होते. प्रात्यक्षिक करताना क्रूने प्रवाशांच्या डोळ्यांत पाहावे. समोरचा माणूस स्वतः लक्षपूर्वक करतो आहे असे दिसले तरच बघणारा बघतो. त्यानंतर शेवटची फेरी होते. आसनाची पाठ सरळ, टेबल मिटलेले, खिडकीचे झापड उघडे, बाळाचा पट्टा आईच्या पट्ट्यात ओवलेला, गॅलीतील प्रत्येक कार्टची कडी लावलेली. झापडे उघडी ठेवण्यास सांगितले की काही प्रवासी नाराज होतात. पण दार उघडण्यापूर्वी बाहेर कोणत्या बाजूला आग आहे हे क्रूला आणि प्रवाशांना दिसले पाहिजे, हे त्याचे साधे कारण आहे. रात्री केबिनचे दिवे मंद करण्याचे कारणही तेच : डोळे अंधाराला सरावलेले असावेत. ‘केबिन सिक्युअर’ हा निरोप कॅप्टनकडे गेल्यावरच विमान धावपट्टीवर घेतले जाते.

उड्डाणानंतरची पहिली तीन मिनिटे आणि उतरण्यापूर्वीची शेवटची आठ मिनिटे मिळून या व्यवसायात ‘निर्णायक अकरा’ म्हणून ओळखली जातात, कारण विमानाच्या अपघातांचा मोठा वाटा याच काळातला असतो. या वेळी जंपसीटवर पाठ टेकून, पट्टे घट्ट बांधून, नियमानुसार शरीर आवरून बसलेली क्रू मनात एक उजळणी करत असते : माझे दार कोणते, ते कसे उघडते, बाहेर काय असू शकेल, मी कोणत्या आज्ञा देणार, मदतीला कोणाला बोलावणार, कोणाला मदत लागेल. ही उजळणी दर उड्डाणाला करायची असते, शंभराव्यालाही. दहा हजार फुटांखाली असताना कॉकपिटशी सुरक्षेव्यतिरिक्त कोणतेही बोलणे करायचे नसते. मात्र या नियमाचा धाक घेऊन आगीची किंवा धुराची खबर अडवून ठेवणे ही गंभीर चूक आहे; नियम गप्पांसाठी आहे, धोक्याच्या निरोपासाठी नाही.

हवेत असताना

विमान स्थिरावले की खाणेपिणे सुरू होते आणि प्रवाशाला क्रूचे हेच काम दिसते. देशांतर्गत उड्डाणांत मद्य दिले जात नाही, त्यामुळे काम तुलनेने सरळ असते. पण ट्रॉली घेऊन जाणारी क्रू प्रत्येक रांगेत प्रवाशाचा चेहरा पाहत जाते. ओठ निळसर दिसणे, घाम फुटणे, बोलताना अडखळणे या गोष्टी येथेच लक्षात येतात. अर्ध्या-पाऊण तासाने शौचालये तपासण्याचे कारण स्वच्छतेइतकेच आगीचेही असते. एक वैमानिक कॉकपिटबाहेर आला की भारतात केबिन क्रूपैकी एकाने आत जाऊन उभे राहायचे असते, आणि त्या वेळी कॉकपिटच्या दारासमोरची जागा मोकळी ठेवायची असते.

अचानक हवा खडबडीत झाली तर सेवा करण्याचा हट्ट धरू नये. गरम पाण्याचे भांडे प्रथम सुरक्षित करावे, ट्रॉलीचे ब्रेक दाबावेत आणि वेळ नसेल तर सर्वांत जवळच्या रिकाम्या आसनावर बसून पट्टा बांधावा. २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला म्यानमारवर तीव्र हवाई धक्के बसले, एका प्रवाशाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. पट्ट्याचा दिवा लागला असताना शौचालयाकडे निघालेल्या प्रवाशाला क्रू थांबवते तेव्हा तिच्यासमोर अशी उदाहरणे असतात.

केबिनमधील हवेचा दाब समुद्रसपाटीसारखा नसतो. तो कमाल ८,००० फुटांच्या, म्हणजे सुमारे २,४०० मीटर उंचीच्या दाबाएवढा असू शकतो. कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच आहे, यावरून अंदाज यावा. हृदयाचे आणि फुप्फुसांचे रुग्ण, उपाशीपोटी प्रवास करणारे आणि रक्तक्षय असलेले लोक या वातावरणात सहज घेरी येऊन पडतात. क्रूने प्रथम श्वास आणि शुद्ध पाहावी, व्यक्तीला आडवे करून पाय उंच करावेत, गरज असल्यास प्राणवायू द्यावा, विमानात डॉक्टर आहेत का याची घोषणा करावी आणि कॅप्टनला वय, लक्षणे व केलेले उपाय कळवावेत. श्वास आणि हालचाल थांबली असेल तर छातीवर ३० दाब आणि २ श्वास हा क्रम, न थकता आणि आळीपाळीने, चालू ठेवायचा असतो. विमान वाटेत उतरवायचे का, हा निर्णय मात्र कॅप्टनचाच असतो.

आग

आगीपुरता थोडा अधिक वेळ घ्यावा लागेल, कारण हवेत आगीपासून पळून जाण्यासाठी कोणतीही जागा नसते. क्रूची वाटणी तिघांत होते. ज्याला प्रथम आग दिसते तो विझवतो, दुसरा कॉकपिटला सतत माहिती देत राहतो आणि तिसरा आणखी साहित्य आणून प्रवाशांना दूर नेतो. एकट्याने आग विझवत बसून कोणालाच न कळवणे ही नवख्यांकडून होणारी सर्वांत घातक चूक.

शौचालयातून धूर येत असेल तर हाताच्या मागच्या बाजूने दाराचा पृष्ठभाग चाचपावा. दार तापले असेल तर ते धाडकन उघडू नये. फटीएवढेच उघडून नळकांड्यातील हॅलॉन आत सोडावा आणि दार पुन्हा लोटून घ्यावे. २ जून १९८३ रोजी एअर कॅनडाच्या विमानात शौचालयाच्या भागात लागलेल्या आगीनंतर सिनसिनाटीला उतरलेल्या विमानातील २३ जण बाहेर पडू शकले नाहीत. शौचालयातील धूरसूचक आणि कचरापेटीतील स्वयंचलित अग्निशामक हे नियमांत येण्यामागे त्या घटनेचा मोठा हात आहे. धूम्रपानाला पूर्ण बंदी असूनही शौचालयाजवळ रक्षापात्र का असते, असे प्रवासी विचारतात. बंदी मोडणारा कोणी तरी असतोच, आणि त्याने सिगारेट कागदांच्या कचऱ्यात टाकू नये म्हणून ते ठेवणे बंधनकारक आहे.

हल्लीचा मोठा धोका म्हणजे पॉवर बँका आणि मोबाइल यांतील लिथियम बॅटऱ्या. म्हणूनच पॉवर बँक चेक-इन केलेल्या सामानात टाकता येत नाही. पेटली तर ती डोळ्यांसमोर पेटावी. अशी बॅटरी पेटल्यास आधी हॅलॉनने ज्वाळा शमवाव्यात, मग पाणी किंवा हाताशी असेल ते मद्यविरहित पेय त्यावर भरपूर ओतत राहावे. ज्वाळा विझल्या तरी आतील पेशी एकामागून एक तापत असतात, त्यामुळे थंड करणे हाच खरा उपाय आहे. बर्फ टाकू नये, कारण तो उष्णता आतच कोंडतो. धगधगत असताना वस्तू उचलू नये, आणि मोबाइल आसनाच्या फटीत अडकला असेल तर आसन मागेपुढे करू नये, कारण यंत्रणेत दबून तो पेटू शकतो.

हवेचा दाब गेला तर

केबिनमधील हवेचा दाब सुमारे १४,००० फूट उंचीवरच्या दाबाएवढा कमी झाला की मुखवटे आपोआप खाली पडतात. ३५,००० फुटांवर दाब अचानक गेला तर माणसाला सुबुद्धीने काही करता येईल असा वेळ ३० ते ६० सेकंदांचाच असतो. म्हणून क्रूने हातातले सर्व सोडून आपल्याजवळचा पहिला मुखवटा तोंडाला लावायचा, जिथे आहे तिथे बसायचे किंवा एखाद्या गोष्टीला घट्ट धरून राहायचे. प्रवाशांच्या मदतीला धावण्याची ऊर्मी येथे आवरावी लागते, कारण पुढच्या अर्ध्या मिनिटात ती मदत करणारीच बेशुद्ध पडू शकते. विमान १०,००० फुटांपर्यंत खाली आल्याचा निरोप मिळाला की प्राणवायूचे छोटे नळकांडे सोबत घेऊन केबिनमध्ये फेरी मारावी आणि बेशुद्ध पडलेल्यांना प्राणवायू द्यावा.

अडेलतट्टू प्रवासी

प्रवाशाशी वाद होतो तेव्हा आवाज न चढवता, एकाच क्रूने, स्पष्ट शब्दांत आणि साक्षीदार ठेवून बोलावे. डीजीसीएच्या नियमांत गैरवर्तनाचे तीन स्तर आहेत : शाब्दिक गैरवर्तनासाठी तीन महिन्यांपर्यंत, शारीरिक गैरवर्तनासाठी सहा महिन्यांपर्यंत आणि जिवाला धोका निर्माण करणाऱ्या वर्तनासाठी दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ विमानप्रवासावर बंदी येऊ शकते. क्रूला या स्तरांची माहिती असली की ‘पुढे काय करता येते’ हे प्रवाशाला शांतपणे सांगता येते.

५ सप्टेंबर १९८६ रोजी कराचीत अपहरण झालेल्या पॅन अॅमच्या विमानात मुंबईच्या नीरजा भनोत या सिनिअर फ्लाइट पर्सर होत्या. अपहरणकर्ते विमानात शिरताच क्रूने वैमानिकांना सावध केले आणि ते कॉकपिटमधून निसटल्याने विमान उडवता आले नाही. प्रवाशांना वाचवताना नीरजा यांना प्राण गमवावे लागले आणि त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांच्या त्या काही तासांतील निर्णयांमागे प्रशिक्षणही होते, हे त्यांचे नाव आदराने घेताना लक्षात ठेवावे.

उतरताना

उतरणी सुरू झाल्यावर उड्डाणापूर्वीचीच तपासणी उलट क्रमाने नव्हे, तर तीच सगळी पुन्हा होते, आणि येथे प्रवासी अधिक ढिलाई करतात : बॅग काढून मांडीवर घेणे, धावपट्टीवर विमान असतानाच उठणे. आधीपासून कळलेल्या आपत्तीत कॅप्टन लीडला इंटरफोनवर चार गोष्टी सांगतो : काय झाले आहे, काय करणार आहोत, किती वेळ आहे आणि विशेष सूचना कोणत्या. लीडने त्या लिहून घ्याव्यात, त्याच शब्दांत परत वाचून दाखवाव्यात आणि मग घड्याळे जुळवून बाकीच्यांना सांगाव्यात. ‘वेळ आहे’ असे कळले की आधी स्वतःच्या कामाची यादी करावी, कारण दहा मिनिटे फार लवकर संपतात.

विमान रिकामे करताना

ही आज्ञा सहसा कॅप्टन देतो. पण आत ज्वाळा किंवा दाट धूर आहे, विमान मोडले आहे, पाण्यात पडले आहे किंवा कॉकपिटकडून काहीच उत्तर येत नाही अशा प्रसंगी क्रूने स्वतः निर्णय घ्यायचा असतो. दार उघडण्यापूर्वी खिडकीतून बाहेर पाहावे. आग, धातूचे तुकडे किंवा पाण्याची वाढती पातळी दिसली तर ते दार उघडू नये आणि प्रवाशांना दुसरीकडे वळवावे. दार वापरण्याजोगे असेल तर हँडल पूर्ण वर उचलावे, आधाराची मूठ धरून स्वतःला सावरावे, स्लाइड फुगवणारे लाल हँडल ओढावे आणि स्लाइड फुगेपर्यंत शरीर आडवे करून लोकांना थोपवून धरावे. त्यानंतर थोडक्या, मोठ्या आवाजातील आज्ञा : पट्टे सोडा, सामान टाका, इकडे या, उडी मारा. बॅग सोबत घेतलेल्या प्रवाशाशी वाद घालण्यात वेळ दवडू नये. ती ओढून बाजूला टाकावी आणि त्याला पुढे ढकलावे. शक्य असेल तोवर आपल्या भागात कोणी उरले नाही हे पाहून मगच क्रूने बाहेर पडायचे असते, आणि बाहेर लोकांना वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने, विमानापासून दूर जमवून मोजायचे असते.

प्रवासी उतरल्यावर

दिल्लीला विमान जागी थांबून इंजिने बंद झाली की लीडची घोषणा होते आणि दारे डिसआर्म केली जातात, पुन्हा क्रॉस-चेक करून. थकव्यामुळे चुका याच क्षणी होतात, म्हणून घोषणा ऐकल्यावर आधी एक श्वास घ्यावा आणि मगच लीव्हरला हात लावावा. प्रवासी उतरल्यावर आसनांचे कप्पे आणि शौचालये तपासून राहिलेल्या वस्तू विमानतळ कर्मचाऱ्यांकडे नोंद करून द्याव्यात. अडलेला पट्टा, न लागणारा दिवा, सील तुटलेली पेटी, गळका नळ यांची नोंद केबिन डिफेक्ट लॉगमध्ये करावी. पुढची क्रू तीच नोंद वाचून विमान स्वीकारणार असते.

आजारपण, गैरवर्तन, धूर, दाराशी झालेली चूक अशा कोणत्याही घटनेचा अहवाल ड्युटी संपण्यापूर्वीच लिहावा. वेळ, आसन क्रमांक, प्रत्यक्ष पाहिलेले, ऐकलेले शब्द, दिलेली मदत आणि कॅप्टनला कधी कळवले, एवढे त्यात असावे. ऐकीव गोष्टी आणि तर्क वेगळ्या ओळीत, तर्क म्हणूनच लिहावेत. घटनेत दोन क्रू असतील तर दोघांनी एकमेकांचा मजकूर न पाहता आपापला अहवाल द्यावा, म्हणजे तपास करणाऱ्याला दोन जागांवरून दिसलेले चित्र मिळते.